बातमी देते नलिनी

कुळगीला लेकीकडं गेले होते. तिथं फोनला धड रेंज नाही, त्यामुळं बातमी आली ती बसमधून. कंडक्टर उतरून दुकानदाराला सांगत होता, "आमच्या टीव्हीवरच्या वयनी गेल्या हो सकाळी." त्याला काय माहीत, शेजारी उभी असलेली मी तिची थोरली जाऊ... पिशवी ठेवून तिथंच खाली बसले.

नलिनी आमच्या रामनगरच्या केबलवर रोज संध्याकाळी बातम्या सांगायची. कुणाची म्हैस चुकली, कुठल्या वाटेवर हत्ती आलाय, कुणाकडं लग्न. शिक्षण बेताचं, पण बोलणं असं, की ही आपल्याच ओट्यावर येऊन बसलीय. मात्र सुरुवातीलाच तिचं काम जायची वेळ आली होती. दूध सोसायटीच्या निवडणुकीत आमचे भावजी, म्हणजे तिचा नवरा, निवडून आले. बाकी नावं तिनं धडाधड वाचली आणि शेवटी अडकली. म्हणाली, "आणि... आमच्या घरचे." नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं, तेही साऱ्या तालुक्यासमोर? बाजारभर हसं झालं. केबलचा मालक म्हणाला, "वयनी, घरचे म्हणजे कोण? सासरे, का दीर? उद्या नाव सांगा, न्हाईतर मी दुसरी बघतो."

घरी येऊन चुलीपुढं बसली. "अक्का, तोंडातनं येतच न्हाई बघा. आणि हे सुटलं तर परत नुसती भांडीच घासू व्हय?"

मी म्हटलं, "लग्नात घेतलं होतंस की, उखाण्यात."

दुसऱ्या दिवशी तिनं कॅमेऱ्यापुढं पदर सारखा केला आणि अगदी बातमीच्या चेहऱ्यानं म्हणाली,

"सुप्याच्या धरणात काळी नदीचं पाणी,
परशरामराव निवडून आले, बातमी देते नलिनी."

झालं, तालुका तिचा झाला. गावोगावच्या बायका फोनवरून उखाणे सांगू लागल्या, त्यांच्यासाठी आठवड्याचा वेगळा कार्यक्रम निघाला. एसटीत लोक उठून तिला जागा द्यायचे. भावजींना हॉटेलात चिडवायचे, "काय मेंबर, आज नाव घेतलं काय वयनीनं?" ते हसायचे आणि सगळ्यांना चहा पाजायचे. शेवटी शेवटी तिला धाप लागायची, तरी खुर्ची सोडली नाही. वाक्यं आखूड केली, एवढंच.

बाराव्याला नंदिगद्दे गावची एक म्हातारी आली. रडली नाही. म्हणाली, "माझा म्हातारा अंथरुणाला खिळलेला. तिच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. त्यानं ऐकलं, बाई. ऐकून गेला." भावजी दारात होते. ते मागच्या परड्यात निघून गेले.

आता तिच्या जागी दुसरी मुलगी आहे, बरी वाचते. पण संध्याकाळ झाली की भावजी टीव्ही लावतात आणि आत हाक मारतात, "नलिनी, लागलं बघ." जन्मभर तिला 'अगं' म्हणणारा माणूस... मी चुलीपाशी असते. ओ देत नाही. बातम्या संपल्या, की ताट वाढून नेते.