शहाळं मी दिलं होतं

आमच्या आई चोरून शहाळं प्यायल्या नव्हत्या. ते मी त्यांना दिलं होतं.

तीन वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं, म्हणून सांगते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मांद्र्यातल्या घरामागचे अकरा माड त्यांनी स्वतः पाणी घालून वाढवलेले. पाडेली नारळ काढायला आला की त्यांच्यासाठी दोन शहाळी न सांगता वेगळी उतरवायचा.

मग किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं.

डायटिशियनने कागद दिला होता. तुयेच्या फॅक्टरीतली ड्युटी, घर, हॉस्पिटल या धावपळीत मी फक्त मीठ कमी, पाणी कमी एवढंच वाचलं. कागद फ्रीजवर चिकटवला आणि झालं.

एकदा डायलिसिसच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांचं तोंड अगदी सुकलेलं. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जाताना शहाळं नेतात. मलाही तेच सुचलं.

दोन फोडली. दोन्ही पाजली. वर स्वतःवरच खूश झाले.

संध्याकाळी त्यांचे हातपाय गळाले, छातीत धडधडायला लागलं. ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली.

पोटॅशियम एवढं कशाने वाढलं, काय दिलंत, डॉक्टरांनी विचारलं. शहाळ्यात ते भरपूर असतं, हे त्या कागदावर होतं आणि मी वाचलंच नव्हतं.

मास्क बाजूला करून आईच म्हणाल्या, "माकां रवाक नाय. मीच प्यालंय शहाळां."

नवरा त्यांना सगळ्यांसमोर खूप बोलला. या वयात जिभेवर ताबा नाही का, आम्ही कशासाठी धावतोय, वगैरे. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या.

मी शेजारीच उभी होते. गप्प.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच असताना मी रडत विचारलं, असं का केलंत.

"तुकां ह्या घरात अजून खूप दीस काढूचे आसत गो. माजे थोडेच रवलेत."

थोडेच म्हणता म्हणता दोन वर्षं काढली त्यांनी.

ती दोन वर्षं मी त्यांची जेलर होते. नाव त्यांनीच ठेवलेलं.

भाजी बारीक चिरून उकडायची, पाणी फेकायचं, मग फोडणी. दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरायचं आणि स्टीलच्या छोट्या ग्लासाने द्यायचं. पेज प्यायल्या तर तीही त्यातच धरायची.

लोणचं बंद, सुका बांगडा बंद. पण आमच्यासाठी बांगडा घरातच भाज म्हणायच्या. वासात मीठ नसतं ना गो, असं वर विचारायच्या.

बघायला येणारा प्रत्येकजण शहाळी घेऊन यायचा आणि मी ती दारातूनच परत करायचे. वाड्यावर बोलणं सुरू झालं. सून म्हातारीला पाणीसुद्धा मोजून देते म्हणे.

चवथीला घर भरलेलं असताना शेजारच्या काकींनी तोंडावरच ऐकवलं. अकरा माड असून बाईच्या नशिबी एक शहाळं नाही.

आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ती देणा नाय, म्हणान मी आसंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मात्र वर बघवेना. एकदा दिलं होतं, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी त्या जेवून जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. बाटलीत एक ग्लास पाणी शिल्लक होतं.

आज सकाळी वर्षश्राद्धाची तयारी करताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो होता तिथेच खाली बसला.

मग म्हणाला, "मी तिका किती बोललंय गो, सगळ्यांसमोर."

उठून मागे गेला. पाडेल्याने काल उतरवलेल्यातलं एक शहाळं सोलून आणलं आणि माझ्या हातात दिलं. तूच ठेव म्हणाला.

सवयीने माझा हात त्या छोट्या ग्लासाकडे गेला. मग ग्लास बाजूला ठेवला आणि अख्खं शहाळंच फोटोसमोर ठेवलं.

आई, ज्या दिवसांसाठी तुम्ही खोटं बोललात, ते दिवस मी या घरात मानाने काढतेय.

आज काही मोजलेलं नाही. सगळं प्या.

तुमच्या जेलरची तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली.