तेरड्याच्या तेवीस पिढ्या आणि एक चिंच

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतका हट्टी माणूस अख्ख्या भाईंदर पूर्वेत दुसरा नाही. असलाच तर मला त्याला भेटायचं नाही, एक पुरे झाला. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. लिफ्टमध्ये "काय सर, बरं ना?" म्हणायचा अवकाश, की झाडांची जनुकं सुरू. भाजीवाला हिंदीत बोलो, वाणी गुजरातीत, हे उत्तर देणार मराठीतच, आणि वर कोथिंबीर फुकट मिळणार ती यांनाच.

गॅलरीत त्यांचा तेरडा. दर पावसाळ्यात पेरायचा, बी धरायचं, औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून चिठ्ठी लावायची, 'पिढी तेविसावी'. एकदा मी सहज म्हणालो, "तेरड्याचा रंग तीन दिवस, त्याचं एवढं काय, सर?" झालं! "हिणवता काय त्याला? अहो, वर्षाच्या आत तो पुढची पिढी टाकून मोकळा होतो. लोणच्याची कृती दर वर्षी नव्या वहीत उतरवली तर एखादं अक्षर चुकणारच ना? तशी दर पिढीत जनुकांची नक्कल होते, चुका साठतात, तेरडा भराभर बदलत जातो. आणि ही खालची चिंच बघा. खाडीकाठची मिठागरं इथवर होती तेव्हाची. तेरड्याच्या तेवीस पिढ्या झाल्या, हिची एकच चालू आहे. हिच्या कुळात बदल सावकाश." मग खिशातला जुनापुराणा बटणांचा फोन काढून म्हणाले, "मी चिंचेच्या जातीचा!"

तीच चिंच पाडून तिथे गाड्या लावायचं सोसायटीच्या सभेत ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. नवी गाडी घेतली होती ना! विरोधात हात एकच. करवतवाले आले त्या सकाळी सर बुंध्यापाशी घडीची खुर्ची टाकून बसलेले. सेक्रेटरी काकुळतीला आला, "अंकल, समझो ना, गाडी किधर लगाएं?"

"सेक्रेटरी दर वर्षी नवा! तेरड्यानं चिंचेला ऊठ म्हणायचं? महापालिकेच्या परवानगीचा कागद दाखवा, नाहीतर आधी माझ्यावर करवत चालवा!"

कागद काढलाच नव्हता. करवतवाले चहा पिऊन गेले. तरी सर पुढचे आठ दिवस तिथेच, जेवणाचा डबासुद्धा खालीच. मला मेली लाज वाटायची, मी मागच्या गेटनं जायचो. शेवटी त्यांनीच हाक मारली. "तुमचा हात वर होता, पाहिला मी. हरकत नाही. तुम्ही बदलणाऱ्यांतले आहात, अजून बदलाल."

गेल्या वर्षी सरांचे गुडघे गेले आणि लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. निघताना त्यांनी बाटली दिली ती माझ्याच हातात. यंदा तेरडा मी पेरला, बी धरलं, चिठ्ठीवर 'पिढी चोविसावी' लिहिलं. चिंचेचा विषय सभेत पुन्हा निघाला तेव्हा विरोधात पहिला हात माझा होता. गाडी बाहेर रस्त्यावर उन्हात तापते. तापू दे!

रविवारी त्यांचा फोन येतो. तेरड्याचं विचारत नाहीत, फक्त "चिंच कशी आहे?"

"आहे तशीच, सर."

"शाब्बास."

"आणि तुम्ही?"

"मीही आहे तसाच," म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलतात सर. आवाज किती बदललाय त्यांचा.