चार वाजल्यानंतरचे पाणी

डॉक्टरांनी सासूबाईंच्या लघवीचा अहवाल टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आजींना वेड लागलेलं नाही. हा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आहे, युरिनरी ट्रॅक्ट इन्फेक्शन. तो आता रक्तात पसरू लागलाय. फार उशिरा आणलंत."

शेजारी बसलेल्या माझ्या नणंदेने, वन्संनी, पदर तोंडाला लावला. मला मात्र सुटल्यासारखे वाटले, हे लिहितानाही संकोच होतो. तीन दिवस मी घरात आरोपी होते.

रत्नागिरीतल्या एका ग्रंथालयातून मी निवृत्त झाले. आयुष्यभर इतरांचे लेखन हाताळले. स्वतः लिहिण्याचा हा पहिलाच प्रयत्न. कोणाच्या घरी उपयोगी पडावा, एवढीच इच्छा.

सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. एका सकाळी त्या मला ओळखेनात. दुपारी गडग्यापाशी, कुंपणाच्या दगडी भिंतीजवळ, जाऊन शेजारणीला ओरडून सांगू लागल्या, "ही मला पाणी देत नाय गो! सुकवून मारतेय मला!" ताप नव्हता, जळजळीची तक्रार नव्हती. वयाचा परिणाम असावा, असे मी समजले. शेजारणीने मुंबईला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी वन्सं हजर झाल्या.

मी डॉक्टरांचे नाव काढताच त्या म्हणाल्या, "डॉक्टर कशाला? आधी पोटभर घाल तिला. जन्मभर पुस्तकं जपलीस, एक म्हातारं माणूस नाय जपवलं तुला?"

मी डॉक्टरांचा विषय सोडून दिला. दोन दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने पेज भरवली. माझा गुन्हा सिद्ध करण्यात ते दोन दिवस गेले. नंतर सासूबाई खुर्चीतून घसरल्या आणि डोळे उघडेनात, तेव्हा रुग्णालय गाठले.

या अवस्थेला डेलिरियम म्हणतात, म्हणजे आजारामुळे अचानक आलेला भ्रम. उतारवयात हा संसर्ग कधी कधी एवढेच लक्षण दाखवतो. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाले. युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांवर कोणते औषध चालेल ते पाहण्याची चाचणीही केली. तिला दोन दिवस लागले.

मग डॉक्टरांनी विचारले, "आजी पाणी किती पितात?"

आमचे शौचालय घरामागच्या परड्यात आहे. वाटेतल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर सासूबाई एकदा रात्री पडल्या होत्या. तेव्हापासून दुपारी चारनंतर मी त्यांना ओठ ओले होण्यापुरतेच पाणी देत असे. युक्ती वन्संनीच फोनवर सुचवली होती. मी ती काटेकोरपणे पाळली, कारण त्यामुळे माझी झोप मोडत नसे.

मी हे सारे सांगितले. वन्सं म्हणाल्या, "मी असं कधी म्हटलं गो?"

"कारणं अनेक असतात," डॉक्टर म्हणाल्या, "पण पाणी तोडणं हे त्यातलं एक."

सहाव्या दिवशी सासूबाई भानावर आल्या. "मी काय वेडंवाकडं बोलले नाय ना गो?"

"भ्रमात होतीस आई. सगळं खोटं," वन्सं म्हणाल्या.

सारे तिथेच मिटले असते. "पाणी देत नाही म्हणालात," मी म्हटले. "ते खरं होतं."

सासूबाईंनी माझ्यापुढे हात केला. "मग आता दे."

घरी परतल्यावर त्यांच्या खोलीत कमोडची खुर्ची आणली. ती आधीही आणता आली असती. घरातले वडीलधारे माणूस दोन दिवसांत बदलले, तर आधी लघवी तपासून घ्या. आणि ते काय बरळते आहे, ते ऐका.

सासूबाईंनी मला क्षमा केली का, हे मी अजून विचारलेले नाही. पाण्याचा पेला मात्र त्या आता माझ्या हातून घेत नाहीत. स्वतः उठून भरतात.