सासूचा ताबा

पंचवीस वर्षं मी लोकांची लग्नं मोडते आहे. माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे मालवणात माझ्याविषयी दोन मतं आहेत. एक, ही बाई अनुभव नसताना धंदा करते. दुसरं, एवढं सगळं रोज बघून कोण लग्न करील? दोन्ही मतं माझ्या आईचीच आहेत. समोर कोण बसलंय ते बघून ती त्यातलं एक बाहेर काढते.

लोकांना वाटतं, घटस्फोटाच्या वकिलाकडे रोज नाटक असतं. तसं नसतं. बहुतेक भांडणं इतकी एकसारखी असतात की पक्षकाराचं पहिलं वाक्य ऐकून मला चौथं सांगता येतं. पण मधूनच असं काही येतं की पुस्तकं बाजूला ठेवावी लागतात. एका जोडप्याचं सगळं मिटलं आणि हापूसच्या एका कलमावर अडलं. झाड त्याच्या परसात, लावलेलं तिने. दीड वर्ष भांडले. शेवटी कळलं की तिला आंब्याने अंगावर पित्त उठतं आणि त्याला मधुमेह आहे.

ताब्याचे अर्जही मी पुष्कळ लढले, पण ते मुलांच्या ताब्याचे. अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या ताब्यावरून झालेलं भांडण मात्र एकच.

ती पहिल्यांदा आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मासळीबाजार उठला होता. रिकामी टोपली तिने दाराबाहेर ठेवली, तरी वास आत आलाच. खुर्चीवर बसून पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "वकिलीणबाय, माका घटस्फोट होयो."

मी वही पुढे ओढली. "मावशी, घोव खंय आसता?"

"तो मरान वीस वर्षां झाली."

"मग घटस्फोट कोणापासून?"

"माझ्या झिलापासून."

मी पेन खाली ठेवलं. आईने मुलापासून घटस्फोट घ्यायची सोय अजून कायद्यात नाही. ती झाली तर मला सुट्टीच्या दिवशीही ऑफिस उघडावं लागेल.

"तसां नाय गो," ती म्हणाली. "घटस्फोट माझ्या सुनेक दी. पण ती गेली की तिच्याबरोबर मीय जातलंय. तेवढा कागदार लिव."

मग तिने सगळं सांगितलं. घरात माणसं तीन. ती, मुलगा आणि सून. मूलबाळ नाही. मुलगा पर्यटकांची बोट चालवतो, सून तारकर्लीला एका लॉजवर स्वयंपाक करते. मुलाला दारू नाही, जुगार नाही, हात उचलणं नाही. फक्त तो बायकोशी बोलत नाही. सहा वर्षं.

"अजिबात नाही?"

"एक अक्षर नाय. ती रांदपातसून म्हणता, आई, सांगा तेंका, गॅस संपलो. तो भायर ओटीर बसललो आसता. तेका आयकाक येता. तरी मी उठान भायर जावन सांगूचा, गॅस संपलो. मगे तो म्हणता, सांग तिका, उद्या हाडतंय. परत मी आत. दिवसभर बाजारात बोंबलान माझो गळो बसता, आणि घराक येवन ह्येंचा टपाल वाटूचा."

मी तिला समजावलं की सासूला सुनेच्या वतीने अर्ज करता येत नाही.

"मगे सासूक सुनेर हक्क काय?"

"कायद्याने एकही नाही."

"आणि सुनेक सासूर?"

"तोही नाही."

"मगे तुझो कायदो करता काय?"



दोन दिवसांनी सून आली. सदतीस वर्षांची, माहेर देवगडकडे, आंब्याच्या बागायतीतलं. ऑफिसात आल्यामुळे ती पुस्तकातलं मराठी बोलत होती. "मला त्यांच्याविरुद्ध काही लिहायचं नाही," ती म्हणाली. "पण मी घरात आहे हे त्यांना कळवायला आईंना मध्ये यावं लागतं. आईंचे गुडघे गेले त्यात."

मी मनातल्या मनात 'मानसिक क्रूरता' या मथळ्याखाली चार पानं लिहून काढली होती. चांगली जमली असती. तिने ती नको म्हटली. परस्पर संमतीने काय होईल ते करा, म्हणाली. लॉजच्या मालकिणीने मागच्या दोन खोल्या राहायला देऊ केल्या होत्या. अट एकच. आई तिच्याबरोबर येणार.

"सासू कशाला नेतेस बरोबर?" मी विचारलं. पंचवीस वर्षांत मी सासूपासून सोडवायचे अर्ज लिहिले होते, सासू मागायचा हा पहिलाच.

"मी आले तेव्हा मला बांगडा साफ करता येत नव्हता. आईंनी शिकवलं. कोणाला सांगितलं नाही की सुनेला येत नाही म्हणून. पहिला महिनाभर स्वतः साफ करायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या, सुनेने केलाय."

अबोला कशावरून धरला, असं मी विचारलं. "ते त्यांनाच विचारा," एवढंच म्हणाली.

मी तिघांना एकत्र बोलावलं. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून आला. उन्हाने रापलेला, देखणा माणूस. बायकोकडे पाठ येईल अशी खुर्ची वळवून बसला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलू लागला.

"आये, सांग तिका, माझी हरकत नाय."

"आई, त्यांना सांगा, सही तीन ठिकाणी लागेल."

म्हातारी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवून निरोप पोचवत होती. दोघांमध्ये अंतर दोन हात. मला आधी हसू आलं, मग दहा मिनिटांनी माझीच मान दुखायला लागली.

मी अटी वाचायला घेतल्या. पोटगी नको. दागिने तिचे तिला. कपाट त्याचं. प्रत्येक अटीला तो कॅलेंडरकडे बघून मान हलवत होता. मग मी सातवी अट वाचली. पतीची आई यापुढे पत्नीसोबत तारकर्ली येथे राहतील.

खुर्ची करकरली. तो वळला आणि थेट बायकोच्या तोंडाकडे बघून ओरडला, "आवशीक खंय नेतस?"

माझ्या टायपिस्टबाईंनी हात थांबवले. म्हातारीने तोंडावर पदर धरला आणि हळूच म्हणाली, "तो बोललो!"

"तारकर्लीक," सून म्हणाली. तिचं पुस्तकी मराठी तिथेच संपलं.

"माका इचारलंस?"

"कसा इचारू? तुमी बोलतास खंय?"

आणि मग बांध फुटला. सहा वर्षांचं साठलेलं दोघांनी दोन तासांत बाहेर काढलं. कोणी कोणाच्या भावाच्या लग्नात कसं तोंड केलं, कोणी कोणाचा ताप अंगावर काढू दिला. मधल्या काळात माझे दुसरे पक्षकार येऊन दाराशी थांबले. मी त्यांना परत पाठवलं नाही. अशी शिकवणी फुकट मिळत नाही.

अबोल्याचं मूळही त्यातच निघालं. सहा वर्षांपूर्वी पुण्याचं एक कुटुंब लॉजवर उतरलं होतं. नवरा त्यांना दुसऱ्या दिवशी डॉल्फिन दाखवायला नेणार होता. जेवण वाढताना त्यांच्यातल्या कोणीतरी विचारलं, बोट उलटली तर? आणि बायको सहज म्हणाली, "तुम्ही जॅकेट घाला म्हणजे झालं. ह्यांना तरी कुठे पोहता येतं!"

पुण्याच्या लोकांनी डॉल्फिनऐवजी किल्ला बघायचं ठरवलं. गोष्ट गावभर झाली. किनाऱ्यावरचे बोटवाले त्याला वर्षभर 'जॅकेट' म्हणून हाक मारत होते.

"खोटा बोललंस तू!" तो माझ्यासमोर तिला म्हणाला.

"खोटा? आई, तुमी सांगा."

म्हातारीने मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खरां ता," ती म्हणाली. "ल्हान आसल्यापासून पाण्याक भियता. विहिरीर न्हावक नेलंय तर माझ्या लुगड्याक चिकटान रवायचो."

पहिल्यांदा हसली ती टायपिस्ट. मग मी. मग सून तोंड फिरवून. शेवटी तो स्वतःही हसला, अगदी नाइलाजाने. खोली एकदम हलकी झाली, आणि मला वाटलं, गेली आपली केस. वकिलाला अशा वेळी काय वाटायला हवं ते मला माहीत आहे. मला काय वाटलं ते सांगते. मला पुष्कळ बरं वाटलं.

"मग अर्ज फाडू काय?" मी विचारलं.

"नको," सून म्हणाली. हसणं तिच्या चेहऱ्यावर अजून होतं, आवाजात नव्हतं. "आज तुमी बोललास ता आवशीसाठी. माझ्यासाठी सहा वर्षांत तुमका एक शब्द गावलो नाय."

त्याने पुन्हा कॅलेंडरकडे बघितलं नाही. खाली बघत राहिला. मग म्हणाला, "ता खरां." आणि पेन मागितलं.

तिन्ही सह्या झाल्यावर तो आईकडे वळला. "तुझा काय ता तू देवळात कौल लावन ठरव. देव सांगात तसां."

"लावन इलंय," म्हातारी म्हणाली. "उजवो दिल्यान, जा म्हणान. देवाक पण ठावक आसा, तुका चाय करूक येना नाय. आता शिक."

कोर्टात थोडी पंचाईत झाली. साहेब नवे होते, घाटावरून बदलून आलेले. सातव्या अटीवर बोट ठेवून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वकील मॅडम, हे कुठल्या कायद्याखाली? सासू ही मालमत्ता आहे की अपत्य?"

"दोन्ही नाही, साहेब. मागेच बसल्या आहेत."

त्यांनी तिला पुढे बोलावलं. तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का, असं विचारलं. ती कठड्याला धरून उभी राहिली. "साहेबानू, मी खंय रवायचा ता मी ठरवतंय. ही दोघां मगे एकमेकांक दोष देवक नको, म्हणान लिवन घेतलंय."

साहेबांनी खालच्या बाकावरच्या कारकुनाकडे बघितलं, त्याने त्यांना हळूच अर्थ सांगितला. अशी अट कोणावर बंधनकारक करता येणार नाही, असं ते म्हणाले, पण तिचं म्हणणं नोंदवून घेतलं. पुढच्या मुदती पार पडल्या आणि घटस्फोट मंजूर झाला. त्याच आठवड्यात म्हातारी दोन टोपल्या, एक ट्रंक आणि आपली विळी घेऊन रिक्षाने तारकर्लीला गेली.

मला वाटलं होतं, कोर्टाचा निकाल म्हणजे शेवट. पण त्यानंतर रेशनकार्ड आलं. नवीन कार्डावर कुटुंबप्रमुख सून. म्हातारीपुढे 'प्रमुखाशी नातं' या रकान्यात काय लिहायचं? सासू लिहिता येईना, कारण लग्नच राहिलं नव्हतं. आई लिहिता येईना, कारण तिची आई देवगडला धडधाकट होती. कारकुनाने मला फोन करून विचारलं. आम्ही दोघांनी पाऊण तास डोकं खाजवून 'इतर' असं ठरवलं.

म्हातारीने 'इतर' म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "बरां. माझ्या झिलाच्या कार्डार पण माका इतरच लिवा. नायतर तिका वाटात, तेका जास्त दिलां."

मुलगा आता दर सोमवारी तारकर्लीला जातो. आईला भेटायला, असं म्हणतो. तिथे त्याची आणि घटस्फोटित बायकोची रीतसर भांडणं होतात, मोठ्या आवाजात, मधल्या माणसाशिवाय. त्यांनी पुन्हा लग्न करावं असं लॉजच्या मालकिणीला वाटतं. सुनेला अजिबात वाटत नाही. "एवढे छान बोलतात आता," ती मला म्हणाली, "कशाला बिघडवायचं?"

गेल्या हिवाळ्यात म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सकाळी सुनेचा फोन आला. संमतीच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती, आणि काउंटरवर दोघंही पेन धरून उभी होती. तो म्हणत होता, मी मुलगा आहे. ती म्हणत होती, औषधं मी घालणार आहे. नर्स म्हणत होती, कोणीतरी एकाने करा, मागे रांग आहे.

"मॅडम, कायदा काय म्हणतो?" सुनेने विचारलं.

मी घसा साफ केला. तेवढ्यात फोनमध्ये मागून म्हातारीचा आवाज आला. "हाड तो कागद हय. डोळो माझो आसा."

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली अक्षरं जोडून तिने सही केली. नर्सने ती चालवून घेतली. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी महिनाभर घरी बसायला सांगितलं, ती कशीबशी बसली आणि मग बाजारात हजर झाली. मासे पूर्वीपेक्षा बारीक दिसतात म्हणून पहिल्याच सकाळी तिने मासळी आणणाऱ्या बोटवाल्यांशी भांडण काढलं.