आईचा आवाज

हळद शिजायला लागली की गावभर उग्र, मातकट वास पसरतो आणि मला आईचे ते मुके दिवस आठवतात. लकव्यानं तिची वाचा गेली होती. आमच्या छोट्या चर्चमध्ये गीत उचलायचं ते आईनंच. आता साधं पाणी मागायलाही तिला शब्द सापडत नव्हता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी औषधं दिली, धीर धरा म्हणाले. आमच्या मंडळीत एक नर्सबाई होत्या. रविवारी उपासना संपली की मागच्या बाकावर बसून त्या सगळ्यांचं बीपी तपासायच्या. त्या रोज संध्याकाळी आमच्या घरी येऊ लागल्या. आईच्या डाव्या हातानं गीताचा ताल धरायला लावायच्या आणि म्हणायच्या, "मावशी, बोलू नका. नुसतं गा. बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी शाबूत राहतं." आईच्या तोंडून नुसती घरघर निघायची. एकदा तर तिनं रडत हात झटकून टाकला. "काहून चिडून राहिल्या? मी उद्या बी येणार हाय," बाई हसून म्हणाल्या, आणि खरंच आल्या. ईस्टरच्या सकाळी आम्ही आईला धरून चर्चमध्ये नेलं. गीत सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला माझ्या शेजारून घोगरा, फाटका आवाज आला, पण शब्द अगदी बराबर! एकेक जण गायचा थांबला. आई एकटीच शेवटच्या ओळीपर्यंत गेली. उपासनेत टाळ्या वाजवायची आमच्याकडे रीत नव्हती, पण त्या दिवशी पाळकसाहेबांनीच पहिली टाळी वाजवली आणि बाई भर चर्चमध्ये ओरडल्या, "जिंकलो की मावशी आपण!" अजूनही एखादा शब्द अडला की आई तो गाऊन सांगते. परवा तिनं 'दुकानातून साखर आण' हे चक्क चालीवर सांगितलं, आणि या वयात मी उड्या मारत दुकानात गेले.