राखेचं काँक्रीट आणि सुकदेवची शपथ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, भावकीत नाही — आणि जिला सांगायला पाहिजे होतं ती गेल्या पावसाळ्यात गेली. आता तुम्हाला सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिताना इकडंतिकडं होईल.

गाव म्हसावदच्या बाजूला. जन्म गेला सेंट्रिंगच्या कामात. प्लेटा ठोकायच्या, खाली टेकू लावायचे, वर काँक्रीट पडून पक्कं झालं की टेकू काढायचे. गुजरातच्या किनाऱ्यावर जाऊन जाऊन मुकादम झालो. टोळीत माझ्या बायकोचा भाऊ होता, सुकदेव. तिचा एकुलता.

सुकदेव प्यायचा. एका राखीला शांतीने — म्हणजे माझ्या बायकोने — त्याचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. घे शपथ म्हणाली. त्याने घेतली. आमच्याकडे अशी शपथ मोडली तर मोडणाऱ्याला लागत नाही, ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला लागते. त्या दिवसापासून सुकदेवने बाटलीला हात लावला नाही. बहिणीच्या जिवाला भ्यायचा तो.

काम होतं मच्छीमारांच्या धक्क्याचं. काँक्रीट नव्या तऱ्हेचं — सिमेंट कमी, त्यात कारखान्याची राख आणि लोखंडाच्या भट्टीतला मळ दळून घातलेला. कामावरचा इंजिनेर साहेब म्हणायचा, याला खारं पाणी लवकर खात नाही, आणि सिमेंट कमी भाजावं लागतं म्हणून धूरही कमी. चांगलंच होतं की. खोट मालात नव्हती. पण साहेबाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं — हे सावकाश पकतं, मी सांगेपर्यंत टेकूला हात लावायचा नाही. मलाच सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही.

होळी तोंडावर आलेली. टोळीतली अर्धी माणसं तोरणमाळकडची. होळीला घरी नाही तो माणूस त्यांच्यात मेल्यासारखा. आणि प्लेटा सोडवून दिल्याशिवाय ठेकेदार सुट्टी देईना. मी हातोडी मारून पाहिली. टणक वाजलं. त्या आवाजावर मी जन्मभर टेकू काढले — सिमेंटच्या मालावर. राखेचा माल वरून टणक वाजतो आणि आतून कच्चा असतो, हे मला ठाऊक नव्हतं का? साहेबाने सांगितलं होतं. त्याला फोन करता आला नसता का? आला असता. तो थांब म्हणाला असता, म्हणून केला नाही.

टेकू काढा म्हणालो. सुकदेव धक्क्याखाली शिरताना थांबला.

"दाजी, हाई राखनं शे. साहेबले इचारं का?"

"इचारं," मी खोटंच सांगितलं. "इतलं तं तुन्ही बहीणबी इचारत नही."

तो हसला. "ती इचारत नही, ती मारस," म्हणाला आणि वाकून आत गेला.

टेकू निघत गेले — आणि वरचा भाग खाली आला. फार मोठा आवाजही झाला नाही.

माणसं धावत आली. मी काय बोललो? म्हणालो, मला न सांगता शिरला, प्यायलेला होता. आधी जुळवलं नव्हतं हो — पण तोंडातून न अडखळता निघालं. ठेकेदाराला ते बरंच वाटलं. टोळीला खरं माहीत होतं, सकाळी सगळ्यांनी एकत्रच चहा घेतला होता. पण पुढचं काम माझ्याच हातात, कोण बोलणार?

घरी आलो तर शांतीने तो कसा मेला हे विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "पेयेल होता का?"

तिथं सांगता आलं असतं. मी हो म्हणून मान हलवली.

पुढे तिच्या पोटात गाठ निघाली. नंदुरबारच्या दवाखान्यात खाटेवर बसून म्हणाली, "मन्हा डोकावर हात ठेईसन खोटं बोलना भाऊ. तीच शपथ लागनी माले." गोळ्या दिल्या की म्हणायची, शपथीवर गोळी चालत नाही. मी तिला पाणी द्यायचो. समजूत घालायचो, असं काही नसतं म्हणायचो. हे म्हणायला माझी जीभ चालायची — ते एक वाक्य तेवढं निघायचं नाही. भीती कसली होती? ती मला सोडून जाईल याची? ती तर जातच होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. माहेरी कुणी उरलं नव्हतं, सुकदेवची घागर तिनेच भरायची. तिने कधी भरली नाही. पिणाऱ्याला पाणी कशाला, म्हणायची, आणि चुलीकडं तोंड करून रडायची. मी खाटेवर बसून बघायचो.

या आखाजीला तिची घागर मी भरली. शेजारी सुकदेवची ठेवली. दोन्हीपुढे बसलो, मोठ्याने बोलावं म्हणून तोंड उघडलं. घर रिकामं होतं, तरी निघालं नाही.

इथं लिहितो. सुकदेव प्यायलेला नव्हता. त्याने मला विचारलं होतं.