पुंताने निवडून दिलेला वकील

लेओदेगारियो सुमागायसाय वकिलीची परीक्षा पास झाला, तेव्हा पुंता गावाच्या किनाऱ्यावर अख्खं डुक्कर भाजलं गेलं. मासळी सुकवणाऱ्या बाईचा पोरगा, त्याच वाळूत रांगलेला. त्या दिवसापासून गारियो हे नाव मागे पडलं आणि आईसकट सगळे त्याला 'तोर्नी', म्हणजे वकीलसाहेब, म्हणू लागले.

इलोइलो शहरात बस्तान बसवायचं सोडून तो गावातच राहिला. फी म्हणून कधी खेकडे मिळत, कधी केळ्यांचा घड. जमीनदार एलिसेओने, ज्याला सगळे मानाने 'दोन' म्हणत, किनाऱ्यावर हक्क सांगून कोळ्यांवर दावा लावला, तेव्हा तोर्नी असा भांडला की दोनच्या वकिलांना घाम फुटला. दावा रखडला, घरं टिकली. मग लोकांच्या डोक्यात आलं, कोर्टात कुणापुढे न हरणारा आपला माणूस मेयर झाला तर कुणाची बिशाद आहे!

"अहो, मेयरला वकील म्हणून कोर्टात उभं राहता येत नाही. कायदा आहे तसा," तो घसा कोरडा होईतो सांगत होता.

"मेयरला कोण अडवतंय रे!" माडीचा पेला पुढे करत लोक हसायचे.

शेवटी शेजारची म्हातारी पासिंग, जिला सगळे नानाय म्हणजे आई म्हणत, त्याच्या दारात येऊन बसली. लहानपणी आई मासळी सुकवायला गेली की तीच त्याला घास भरवायची. तिला नाही म्हणायची छाती त्याला झाली नाही. तो भरघोस मतांनी निवडून आला आणि पुंताने आपला एकुलता एक वकील आपल्याच हाताने गमावला.

वर्षभरात दावा पुन्हा उभा राहिला. राजीनामा द्यावा, तर व्हाइस मेयर दोन एलिसेओचा जावई. खुर्ची आयती त्याच्या घशात गेली असती. कोळ्यांच्या बाजूने सरकारने दिलेला एक कोवळा वकील आला. तोर्नीने त्याला घरी जेवायला बोलावून सगळा खटला समजावला. पण मेयरने साक्षीदार पढवले अशी बोंब नको म्हणून नानायकडे तो फिरकला नाही. ही सावधगिरी पुढे जन्मभर त्याच्या जिवाला लागून राहिली.

साक्षीला नानाय ठेवणीतला झगा घालून आली. दोनच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "आजी, किनाऱ्यावर राहू कुणी दिलं तुम्हाला?"

मागच्या बाकावर बसलेला तोर्नी पुढे सरकला. आपल्या माणसांना तो ओळखून होता. चिमूटभर उपकारही ती विसरत नाहीत, आणि चारचौघांत बोलून दाखवायची संधी तर मुळीच सोडत नाहीत.

"थोरल्या दोननी, एलिसेओच्या वडलांनी," नानाय अभिमानाने म्हणाली. "देवमाणूस! म्हणाले, राहा गं पोरींनो. आम्ही त्यांचं ऋण विसरलो नाही कधी."

जमीन दोनचीच, हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. कोवळा वकील कागद चाळत होता. तोर्नी ताडकन उठला. "हरकत आहे, महाराज!"

"मेयर," न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "तुम्ही इथे वकील नाही. बसा."

तो बसला.

निकाल विरुद्ध गेला आणि हुकूम मेयरच्याच टेबलावर आला: महिनाअखेर घरं पाडताना शांतता राखावी. त्या दुपारी नानाय सुकी मासळी घेऊन त्याच्या कचेरीत आली.

"माझं बोलणं कमी पडलं का रे?"

"नाही, नानाय. छान बोललीस."

"तेच म्हणते मी. ते पोरगंच कच्चं." तिने मासळीची पुडी त्याच्यापुढे सरकवली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. आमचंच चुकलं. पुढच्या निवडणुकीत सगळे मिळून तुला पाडतो बघ. मग पुन्हा आमचा तोर्नी हो आणि उभा राहा कोर्टात."

निवडणुकीला अजून दोन वर्षं होती. टेबलावरच्या हुकमावर त्याने हळूच हात ठेवला.

"पाडा, नानाय," तो म्हणाला. "नक्की पाडा."